सहा एकतीसचा आवाज

नई सडकेवरच्या बाइंडिंगच्या दुकानात बाकावर बसून सीमंतिनी पोतनीस आपली फाइल तपासत होती, आणि तिसऱ्या पानावर तिच्या लक्षात आलं, की हे आपण आपल्यापेक्षा बरंच चांगलं लिहिलंय.

वाक्यं छोटी होती. मुद्द्यामागून मुद्दा येत होता, आणि मध्येच एखादं असं वाक्य की पुन्हा वाचावं. ‘नगर परिषदेला दिवे, गटारं आणि बाजार सोपवलेले आहेत, आकाश सोपवल्याचा कागद अद्याप कुणी दाखवलेला नाही.’ हे मी कधी लिहिलं? ती आठवायला लागली. बाबा गेल्यापासून असं पुष्कळदा व्हायचं. दूध आणलेलं असायचं आणि आणल्याचं आठवायचं नाही. सही केलेली असायची आणि केव्हा केली ते सुचायचं नाही. तसंच हेही लिहिलं असेल कधीतरी, म्हणून ती वाचत गेली. पाचव्या पानावर जाऊन तिला उमगलं की हे सगळं तिच्याच विरुद्ध आहे.

“आवडलं का?”

तिने वर पाहिलं. काळा कोट खांद्यावर टाकलेला एक उंच तरुण समोर उभा होता. त्याच्या हातात तिची फाइल होती.

“बाइंडिंगवाल्या चाचांनी अदलाबदल केली,” तो म्हणाला. “मी समरजीत मोहिते. विमानतळवाल्यांकडून. आपण... नगर परिषद ना?”

“हो. तुम्ही माझी वाचलीत?”

“छे, छे! दुसऱ्याची फाइल कोण वाचतं?” तो थांबला. “सतरा पानं. बस.”

“सतरा?”

“सोळाच होती. पण सोळावं दोनदा वाचलं. ते प्रसूतिगृहाच्या खिडक्यांवालं. मतलब, रडवलंत की तुम्ही आम्हाला.”

“सामनेवाल्या वकिलाला रडवणं सोपं असतं,” सीमंतिनी म्हणाली. “जजसाहेब रडले तर खरं.”

तो मोकळेपणाने हसला. फाइली बदलताना त्याने तिची फाइल आधी बाहीने पुसून दिली. धूळ नव्हतीच तिच्यावर. एवढीशी गोष्ट, पण जयेंद्रगंजला घरी पोचेपर्यंत सीमंतिनी त्याच बाहीचा विचार करत होती, आणि विचार करतेय म्हणून स्वतःवर चिडत होती. सामनेवाला माणूस. लाघवी बोलणं हा त्याच्या धंद्याचाच भाग असणार... नाही का?

खटला तसा साधा होता. शहराबाहेर अमरपुरा नावाचं गाव वाढत वाढत नगर परिषदेचं झालं होतं, आणि त्याच्या कडेला एका खाजगी कंपनीचा छोटा विमानतळ होता. वैमानिक होऊ पाहणारी मुलं तिथे सकाळी सहापासून विमानं उडवायची आणि उतरवायची. गावाने कंटाळून ठराव केला : सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर उड्डाण नाही. कंपनी हायकोर्टात गेली. असा ठराव करायचा नगर परिषदेला हक्कच काय, असं तिचं म्हणणं.

त्या ठरावाचा मसुदा सीमंतिनीच्या वडिलांनी लिहिला होता. बळवंतराव पोतनीसांनी चाळीस वर्षं वकिली केली, आणि शेवटचा कागद सांगितला तो कंपू भागातल्या एका हॉस्पिटलच्या खाटेवरून. ते सांगत होते, सीमंतिनी लिहून घेत होती. मध्येच त्यांना धाप लागायची. “कॉमा घाल,” ते म्हणायचे, आणि श्वास घ्यायचे. त्या ठरावात नको तिथे स्वल्पविराम होते. टंकताना तिने एकही काढला नव्हता.

त्याला आठ महिने झाले होते. आता ठराव तिला टिकवायचा होता, आणि तो टिकणं तिला किती गरजेचं होतं हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

पहिल्या तारखेला, त्या हिंदी मुलखातल्या कोर्टात, न्यायमूर्ती म्हणाले, “अधिकार है या नहीं, वो बाद में देखेंगे. पहले ये बताइए, तकलीफ़ है भी या नहीं?” त्यांनी सूर्याजीराव शिर्के नावाच्या एका निवृत्त इंजिनिअरांना कोर्टातर्फे कमिशनर नेमलं. चार सकाळी अमरपुऱ्याच्या प्रसूतिगृहाच्या गच्चीवर बसून आवाज मोजायचा. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी हजर राहायचं. यंत्र चालू असताना कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. ठरावाला आधार हवा असेल तर आकडा पासष्ट डेसिबलच्या वर जायला हवा होता.

म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी पावणेसहाला सीमंतिनी दोन स्वेटर, एक शाल आणि वरून काळा कोट घालून त्या गच्चीवर पोचली. समरजीत आधीच आला होता. प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या, मध्ये तिपाईवर यंत्र. सूर्याजीराव कानटोपी घालून, तिच्यावरून मफलर गुंडाळून, गळ्यात दुर्बीण अडकवून कठड्यापाशी उभे. खालून नर्स सुधाताईंनी आल्याचा चहा वर पाठवला होता.

“यंत्र सुरू,” सूर्याजीराव म्हणाले. “आता शांतता.”

आणि शांतता झाली. अशी की चहाचा घोटसुद्धा चोरून घ्यावा लागे. दोन हातांवर एक माणूस बसलेला आणि त्याच्याशी बोलायला कोर्टाची मनाई! सीमंतिनीने आकाशाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. मग पाहायला दुसरं काही उरलं नाही. तो तिच्याकडेच बघत होता. पकडला गेल्यावर त्याने घाईघाईने यंत्राकडे बोट दाखवलं, जणू यंत्रच तिला बघत होतं.

थोड्या वेळाने त्याने खिशातून तारखांच्या यादीचा जुना कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि तिच्याकडे सरकवला.

‘थंडी वाजते?’

तिने खाली लिहिलं, ‘हरकत. प्रश्न विषयाशी संबंधित नाही.’

तो गंभीरपणे वाचून पुन्हा लिहू लागला. ‘हरकत मान्य. मफलर देऊ का?’

‘विरुद्ध पक्षाकडून काही स्वीकारता येत नाही.’

‘उधार?’

तिने पेन्सिल खाली ठेवली. ओठ घट्ट मिटले. त्याच वेळी विमान आलं, लहानसं, पांढरं, शिवणयंत्रासारखं घरघरत. आकडा आला एकसष्ट.

दुसऱ्या दिवशी धुकं असं की कठड्यापलीकडचं लिंबाचं झाडही दिसेना. विमानं उडायचा प्रश्नच नव्हता. सूर्याजीराव खाली सुधाताईंच्या शेगडीपाशी जाऊन बसले. यंत्र बंद होतं. म्हणजे बोलायला मोकळीक होती, आणि नेमकं बोलायला काही सुचेना.

“तुमच्या वडिलांना मी ओळखायचो,” समरजीत अचानक म्हणाला.

तिने शाल ओढून घेतली.

“माझी पहिलीच केस. समोर बळवंतराव. दहा मिनिटांत धुऊन टाकलं मला. मी बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिलो होतो, तर मागून आले आणि म्हणाले, ‘मोहित्यांचा ना तू? तुझे आजोबा फौजेत होते. ते पडले की लगेच उठायचे. चल, चहा घे.’ मग चहा घेता घेता मला सांगितलं, की मी काय बोललो असतो तर ते हरले असते.”

“सांगितलं? हरायची वाट?”

“पूरी की पूरी.”

सीमंतिनीला गलबलून आलं, आणि तिने तोंड धुक्याकडे फिरवलं. बाबा असे होते? होते. पण हे हा आत्ता का सांगतोय? खरं आहे म्हणून, की मी सैल पडावी म्हणून? कोर्टात माणसं कशाकशाचा उपयोग करतात हे तिने पाहिलं होतं. त्याचा चेहरा बघून काही ठरवावं म्हटलं तर धुक्यात तो चेहराही धड दिसत नव्हता.

“तुम्ही हे केससाठी सांगताय का?” तिने सरळच विचारलं.

“नाही.” मग जरा थांबून, “मतलब... मला नाही वाटत. तुम्ही विचारलंत तर आता माझंच कन्फ्यूजन झालं.”

हे उत्तर तिला आवडलं. आवडायला नको होतं.

तिसऱ्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. यंत्र सुरू झालं, शांतता झाली. सूर्याजीराव दुर्बीण लावून क्षितिज विंचरत होते. सहा वाजून एकतीस मिनिटांनी ते ताठ झाले, एक हात वर केला, आणि नुसतेच ओठ हलवून म्हणाले, ‘आलं!’ मग वहीत लिहिलं : वेळ ६.३१, विमान दिसले, एक इंजिन.

सीमंतिनीने पाहिलं, समरजीतने पाहिलं. पूर्वेकडून ऐटीत, पंख पसरून, एक घार येत होती.

ती गच्चीवर आली, सूर्याजीरावांच्या डोक्यावरून तिने एक प्रशस्त गिरकी घेतली. सूर्याजीराव दुर्बिणीतून तिच्यामागे फिरत राहिले, अगदी पाठमोरे होईपर्यंत. समरजीतने कागद सरकवला. त्यावर एवढंच लिहिलं होतं : ‘चाकं आत घेतली.’

आणि सीमंतिनी हसली.

ओठांतल्या ओठांत नव्हे. पोटातून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, तोंडावर शाल दाबूनही न थांबणारं ते हसू होतं. ते ऐकून समरजीतही फुटला. यंत्र त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर लांब होतं. सूर्याजीरावांच्या कानांवर टोपी होती, टोपीवर मफलर होता, आणि डोळे घारीवर होते.

सात मिनिटांनी खरं विमान आलं. तोवर दोघंही शहाण्यासारखी बसली होती.

परतीच्या वाटेवर मात्र तिला कसंतरीच झालं. आठ महिन्यांत ती अशी हसली नव्हती. हसता येतं आपल्याला? इतक्यात? घरी आई अजून रोज बाबांची पुस्तकं पुसते, आणि आपण कुणाच्यातरी गच्चीवर बसून... चौथ्या दिवशी ती खुर्ची जरा लांब ओढून बसली. समरजीतने त्या अंतराकडे पाहिलं, आणि कागद बाहेर काढला नाही.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. सर्वांत मोठा आवाज, त्र्याहत्तर.

“त्र्याहत्तर!” आई म्हणाली. राजलक्ष्मीबाईंना डेसिबल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण पासष्टपेक्षा त्र्याहत्तर जास्त हे कळत होतं. त्यांनी अहवालाची प्रत घेतली आणि बाबांच्या फोटोपुढे ठेवली. “ऐकलंत? टिकणार तुमचा ठराव.”

जोडपत्रं सीमंतिनीने चाळायला घेतली ती मात्र तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा. यंत्रातून निघालेली मिनिटामिनिटाची पट्टी होती, शेजारी विमानतळाची उड्डाणांची नोंद. सवयीने तिने एकाखाली एक बोट धरलं. त्र्याहत्तर, सहा एकतीस. त्या दिवशीचं पहिलं उड्डाण, सहा अडतीस.

तिचं बोट तिथेच राहिलं.

ते विमान नव्हतं. ते तिचं हसू होतं.

खऱ्या विमानाचा आकडा होता बासष्ट, आणि इतर दिवशीही त्यावर काही नव्हतं. ते हसू वजा केलं तर ठरावाला आधार उरतच नव्हता.

पहिला विचार आला तो समरजीतचा. ती नोंद त्याच्याच पक्षाने दिलेली. त्याला हे कळलंच असणार. अहवालावर आक्षेप घ्यायची मुदत कालच संपली होती, आणि त्याने आक्षेप घेतला नव्हता. का? विसरला? शक्य नाही. मग मला जिंकू देतोय? दया म्हणून? की कोर्टात ऐनवेळी उठून सांगणार आहे, सगळ्यांसमोर, म्हणजे माझी पुरती शोभा होईल? की... चौथं कारण तिला दिसत होतं, पण त्याच्याकडे ती बघत नव्हती.

शेवटी तिने फोन केला.

“तुम्ही आक्षेप दाखल केला नाहीत.”

“नाही.”

“का?”

“हिवाळा आहे. बोटं गारठतात.”

“मस्करी नको हं, मोहिते.”

“मॅडम, परवा तारीख आहे. परवा बोलू. आणि... तुम्ही घबरावू नका.”

“मी कशाला घाबरू?” असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि बराच वेळ घाबरलेली बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, “आई, बाबांना एखाद्या केसमध्ये कळलं असतं, की आपल्या बाजूचा पुरावा चुकीचा आहे, तर त्यांनी काय केलं असतं गं?”

आई मटार सोलत होती. “आधी माझ्यावर चिडले असते. भाजीत मीठ कमी आहे म्हणून.”

“आणि मग?”

“मग काय करायचे ते मला कधी सांगितलं नाही त्यांनी.” आईने शेंग फोडली, दाणे मोजल्यासारखे बघितले. “तू सारखं विचारतेस, बाबांनी काय केलं असतं. मलाही नाही माहीत, सीमा. चाळीस वर्षं राहिले त्यांच्याबरोबर. तुला काय करायचंय?”

सीमंतिनीने एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

तारखेच्या दिवशी सकाळी मावठ्याची भुरभुर होती. कोर्टाच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागलेली. समरजीत लांबूनच दिसला. त्याने मान हलवली. तिने नाही हलवली. त्याच्या हातात एक वेगळा, घडी घातलेला कागद होता, आणि तो कशाचा असेल ते लांबूनच ओळखायचा ती प्रयत्न करत राहिली.

केस पुकारली गेली. न्यायमूर्तींनी अहवाल उघडला. “तिहत्तर. ये तो ज़्यादा है. याचिकाकर्ता को कोई आपत्ति?”

समरजीत उठायला लागला. पण सीमंतिनी आधी उठली.

“माय लॉर्ड, मला आधी बोलायचंय,” हे ती चुकून मराठीतच म्हणाली, मग सावरून हिंदीत म्हणाली, “त्र्याहत्तर हा आकडा विचारात घेऊ नये. तो विमानाचा आवाज नाही.”

“तो किसका है?”

सीमंतिनीने हातातली फाइल बंद केली.

“माझा,” ती म्हणाली. “मी हसले होते.”

मागच्या बाकांवर कुणीतरी खाकरलं. न्यायमूर्तींनी चष्मा काढला. “आप हँसी थीं? तिहत्तर डेसिबल?”

“जी. कमिशनरसाहेबांनी जे विमान म्हणून नोंदवलं, ती घार होती. यात त्यांचा दोष नाही, ते मनापासून काम करत होते. यंत्र माझ्याजवळ होतं. खरं विमान सात मिनिटांनी आलं. त्याचा आवाज बासष्ट आहे.”

“माय लॉर्ड,” समरजीत उभा राहिला. त्याने हातातला कागद पुढे केला. “हे माझं शपथपत्र. कालच केलंय. वरिष्ठांनाही दाखवलंय. सहा एकतीसला हसलो मी. आवाज माझा आहे.”

सीमंतिनीने वळून पाहिलं. “खोटं आहे हे. आधी मी हसले.”

“माझा आवाज मोठा आहे, माय लॉर्ड. मॅडमचा एवढा नाही निघत.”

“निघतो! आणि तुम्ही नंतर हसलात. मी ऐकलंय.”

“शपथेवर सांगतोय मी.”

“मग शपथेवर चूक सांगताय.”

न्यायमूर्ती एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पहले आप दोनों तय कर लीजिए, हँसा कौन. अदालत पाँच मिनट ठहर सकती है.”

सगळं कोर्ट हसलं. त्या हसण्यात सीमंतिनीचे कान तापले, पण मान खाली गेली नाही. तिच्या मनात विलक्षण गोंधळ उडाला होता. त्या कागदावर तिचं नाव नव्हतं. आपल्या पक्षाचं नुकसान न करता, आणि तिला मध्ये न आणता, त्याने सगळी चूक स्वतःकडे घेतली होती. शपथेवर. वकिलाच्या नावाला केवढा बट्टा लागू शकतो हे ठाऊक असून.

“माय लॉर्ड, दोघंही हसलो,” ती हळू म्हणाली. “एवढंच लिहून घ्यावं.”

“जी,” समरजीत म्हणाला. “दोघंही.”

ते लिहून घेतलं गेलं. मग ती पुढे बोलली. अहवालाने सर्वांत मोठा आवाज मोजला, पण किती वेळा झाला ते मोजलं नाही. चौथ्या सकाळी सहा ते सातमध्ये विमान अकरा वेळा डोक्यावरून गेलं, आणि खाली ज्या बाईला रात्रभर कळा येऊन पहाटे डोळा लागला होता ती अकरा वेळा उठली, असं ती सांगत गेली. हे तिने लिहून आणलेलं नव्हतं. बोलता बोलताच सुचत होतं. न्यायमूर्तींनी ऐकलं. मग हुकूम दिला : ठरावाला तूर्त स्थगिती, कंपनीने तीन महिन्यांची उड्डाणांची पूर्ण नोंद हजर करावी, आणि सातच्या आधीची उड्डाणं कमी का करता येणार नाहीत ते सांगावं. पुढची तारीख मार्चमध्ये.

स्थगिती. म्हणजे आज तरी ती हरली होती.

व्हरांड्यात भुरभुर थांबली होती, पण कौलांतून थेंब पडत होते. ती खांबाला टेकून उभी राहिली. समरजीत आला आणि दोन पावलांवर थांबला, यावं की नाही ते न कळल्यासारखा.

“तुम्ही आधी उठलात,” तो म्हणाला. “मी तर उठूनच राहिलो होतो.”

“मला वाटलं, तुम्ही माझं नाव घेणार.”

“तुम्हाला असं वाटलं?”

“मला बरंच काही वाटलं. एकदा वाटलं, तुम्हाला दया आली. एकदा वाटलं, तुम्ही जाळं टाकताय. रात्री एक वाटायचं, सकाळी दुसरं.”

“आणि आत्ता?”

एक थेंब त्याच्या कोटावर पडला, दुसरा त्याच जागी. तो हलला नाही.

“मी शपथपत्र तीन वेळा लिहिलं,” तो म्हणाला. “पहिल्या खेपेला खरं खरं लिहिलं. ‘विरुद्ध पक्षाच्या विदुषी वकील मोठ्याने हसल्या.’ ते वाचलं, आणि मला... मतलब, मला ते कुणाला द्यावंसंच वाटेना. जजसाहेबांनासुद्धा. माझ्याजवळच ठेवावंसं वाटलं. बस. याच्यात कायदा-बियदा काही नाही.” त्याने खिशात हात घातला, पुन्हा काढला. “मी ही केस सोडून देतो, हवं तर. दुसऱ्या कुणाला देतो. मग तुमच्याशी बोलायला मोकळा.”

“मुळीच नाही.” तिचा आवाज एकदम चढला. “मार्चमध्ये तुम्हीच या समोर. मला हा ठराव कुण्या लेच्यापेच्यासमोर टिकवायचा नाहीये.”

“म्हणजे भांडायचं?”

“कोर्टात.”

“आणि कोर्टाबाहेर?”

सीमंतिनीने छत्री उघडली, मिटली. डोळ्यांत पाणी आलं. ठराव आज गेला म्हणून, बाबा गेले म्हणून, की समोरचा माणूस इतका सरळ उभा होता म्हणून, हे तिला वेगळं काढता येईना. सगळं एकातच मिसळलं होतं.

“मला कशाचंच काही कळत नाहीये,” ती शेवटी म्हणाली. “बाबा गेल्यापासून. मी आनंदात असते तेव्हा वाटतं चोरी करतेय. तुम्ही आवडता, हे कळतं. पण ते कळलं की लगेच बाकीचं सगळं पुन्हा विस्कटतं. असं कुणाला सांगतात का? मला तर हेही माहीत नाही.”

तो कितीतरी वेळ गप्प होता. आज कुठलंच यंत्र चालू नव्हतं, तरीही.

“मला सांगितलंत,” तो म्हणाला. “पुरे आहे.”

ती डोळे पुसून पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर थांबली. मागे न वळता म्हणाली, “आई वाट बघत असेल. तिने तो अहवाल बाबांच्या फोटोपुढे ठेवलाय. मला जाऊन सांगायचंय की मी हरले.” मग वळली. “एकटीने सांगायला नको वाटतंय. याल?”

“मी?” समरजीतचा चेहरा खरोखर घाबरला. “काय म्हणून येऊ?”

“ते अजून ठरलेलं नाही. घर येईपर्यंत ठरवू.”

सिटी सेंटरच्या कोर्टापासून जयेंद्रगंजपर्यंत तिची स्कूटी पुढे आणि त्याची मोटरसायकल मागे. प्रत्येक सिग्नलला तो शेजारी येऊन थांबायचा आणि हेल्मेटची काच वर करायचा. “ओळखीचा वकील म्हणून?” “नको, फारच लांबचं वाटतं.” पुढच्या सिग्नलला, “मित्र?” “आईला मित्र म्हटलं की भलतंच कळेल.” “मग भलतंच सांगा ना!” हिरवा लागला, मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारला, आणि उत्तर तसंच राहिलं.

दारापाशी पोचले तरी काहीच ठरलेलं नव्हतं. तिने बेल वाजवली. आईने दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारायचं ते विचारलंच नाही.

“आई, ठरावाला स्थगिती मिळाली. तो आकडा चुकीचा होता. मीच सांगितलं कोर्टात.”

राजलक्ष्मीबाईंनी लेकीच्या गालावरचा ओला केस बाजूला केला.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. आणि मग त्यांची नजर मागे गेली, पायपुसण्यावर बूट पुसत राहिलेल्या, कधीच पुसून झालेले बूट पुसत राहिलेल्या त्या उंच मुलाकडे. “आणि हे?”

सीमंतिनीने तोंड उघडलं. वाक्य सुचेना. समरजीतकडे पाहिलं, त्यालाही सुचेना.

“हे... समरजीत,” ती म्हणाली. “आई, मला नीट सांगता येत नाहीये.”

आईने एकदा त्याला पाहिलं, एकदा तिला. दार पूर्ण उघडलं.

“जेवताना सांग,” त्या म्हणाल्या. “घाई नाही. या आत.”